‘द मोस्ट डेंजरस गेम’मधले दोन शिकारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटात ही कथा दरवर्षी असते, आणि ती झाली की आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात: मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे, कधी एखाद्या शिक्षकाचे. तीच तीच उत्तरं पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला म्हणून हे पान केलं. कथा एका बैठकीत वाचून होते. वाचली नसेल तर आधी वाचून या, कारण पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे.

१. कथा कोणाची, कधीची, आणि थोडक्यात आहे काय?

रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची. १९२४ साली ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात छापून आली. न्यूयॉर्कचा नावाजलेला शिकारी सँगर रेन्सफर्ड जग्वारच्या शिकारीसाठी ॲमेझॉनकडे निघालाय. कॅरिबियन समुद्रात, अमावास्येसारख्या काळोखात, त्याला तीन गोळ्यांचे आवाज ऐकू येतात. काय आहे ते बघायला तो बोटीच्या कठड्यावर चढतो, तोंडातला पाइप दोराला लागून निसटतो, तो पकडायला हात पुढे करतो आणि पाण्यात जातो. पोहत ज्या बेटावर लागतो तिथे जनरल झारॉफ हा रशियन सरदार एका भल्यामोठ्या वाड्यात राहतो. त्याने जगातली सगळी जनावरं मारून झालीत, त्यांचा त्याला कंटाळा आलाय, आणि आता तो माणसं मारतो. पुढचं कथानक या दोघांच्या पाठलागाचं.

२. दोन शिकारी म्हणजे रेन्सफर्ड आणि झारॉफच ना? व्हिटनी आणि इव्हान पण शिकारीच आहेत की.

हो, तुलना रेन्सफर्ड आणि झारॉफचीच. पण व्हिटनीला अगदी सोडू नका. तो बोटीवरचा रेन्सफर्डचा सोबती, कथेत चार मिनिटं येतो आणि सगळ्यात महत्त्वाचं बोलून जातो: जग्वारला भीती कळत असेल, दुखण्याची आणि मरणाची. रेन्सफर्ड ते उडवून लावतो. जगात शिकार करणारे आणि शिकार होणारे असे दोनच वर्ग, आपण सुदैवाने पहिल्यात, असं त्याचं म्हणणं.

इव्हान झारॉफचा मुका-बहिरा, राक्षसासारखा धिप्पाड नोकर. खेळायला नकार देणाऱ्याला त्याच्या हवाली करतात. झारमहाराजांच्या दरबारात तो चाबूक चालवायच्या अधिकृत कामावर होता, एवढं सांगितलं की माणूस मुकाट्याने रानात पळणं पसंत करतो.

३. शीर्षकाचा अर्थ काय? ‘सर्वात धोकादायक खेळ’ असं भाषांतर बरोबर का?

अर्धं बरोबर. इंग्रजीत ‘गेम’ म्हणजे खेळ आणि ‘गेम’ म्हणजे शिकारीचं जनावरही. सर्वात धोकादायक खेळ कोणता, तर माणसाची शिकार. सर्वात धोकादायक जनावर कोणतं, तर माणूस. ‘खेळ’ घेतलात की जनावर जातं, ‘सावज’ घेतलंत की खेळ जातो.

गंमत अशी की मराठीतल्या ‘शिकार’ शब्दाला स्वतःची वेगळी दुहेरी गाठ आहे. ‘शिकारीला गेला’ म्हणताना ती क्रिया असते, ‘शिकार हाती लागली’ म्हणताना जनावर. आणि ‘शिकार झाला’ म्हटलं की करणारा आणि होणारा यांच्यातली भिंतच पडते. मला तर ‘शिकार’ एवढंच शीर्षक पुरेसं वाटतं. गटातल्या निम्म्या लोकांना ते फार पुळचट वाटतं.

४. दोघांत साम्य काय आहे? आम्हाला तर एक चांगला आणि एक वाईट असंच शिकवलं.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे ‘दयाळू’ आणि उजवीकडे ‘क्रूर’ लिहिलेले तक्ते मी शेकड्याने पाहिलेत. त्या तक्त्याला कथेतला एक छोटा प्रसंग पुरून उरतो.

रेन्सफर्ड किनाऱ्यावर जागा होतो तेव्हा दुपार कलत आलेली असते. किनाऱ्याच्या कडेने चालताना त्याला झुडपं तुडवलेली दिसतात, शेवाळ उकरलेलं, गवताच्या एका तुकड्यावर लाल डाग. थोड्या अंतरावर काहीतरी चकाकतं. तो उचलतो: रिकामं काडतूस, पॉइंट टू-टूचं. आणि हा कसलेला गडी लगेच हिशेब मांडतो. जनावर मोठं होतं. झुंज चांगली दिली. मी ऐकल्या त्या पहिल्या तीन गोळ्यांनी ते उठवलं आणि जखमी केलं, शेवटच्या गोळीने इथे गाठून संपवलं. एवढ्या मोठ्या जनावरावर एवढी हलकी बंदूक घेऊन जाणारा शिकारी छातीचा असला पाहिजे.

हिशेब बिनचूक आहे. फक्त ते जनावर माणूस होता. आदल्या रात्री त्याची किंकाळी रेन्सफर्डने पाण्यात ऐकली होती आणि हे कुठलं जनावर असा प्रश्न त्याला पडला होता. अजून झारॉफला त्याने पाहिलेलंही नाही, आणि माणूस मारणाऱ्याच्या धाडसाला तो दाद देऊन बसलाय.

मग जेवणाच्या टेबलावर भेट होते तेव्हा दोघे एकाच व्यवसायातल्या जुन्या ओळखीच्यांसारखे बोलतात. रेन्सफर्डचं तिबेटमधल्या हिमबिबट्यांवरचं पुस्तक झारॉफने वाचलेलं असतं. भिंतीवरच्या डोक्यांची दोघे तारीफ करतात. जनावराला वाटतं काय याची फिकीर दोघांनाही नाही. झारॉफ फक्त ती रेघ एक पाऊल पुढे सरकवतो.

५. मग खरा फरक कुठे आहे?

त्याच टेबलावर, एका वाक्यात. झारॉफ समजावून सांगतो की आपल्याला धैर्य, चातुर्य आणि विचारशक्ती असलेलं नवं सावज हवं होतं. रेन्सफर्ड म्हणतो की विचार तर कुठलंच जनावर करत नाही. एक करतं, असं झारॉफ सांगतो. अर्थ डोक्यात शिरल्यावर रेन्सफर्ड त्याला खून म्हणतो. झारॉफ हसतो, तुमच्या कल्पना जुनाट आहेत म्हणतो, आणि तुम्ही तर युद्धात होतात याची आठवण करून देतो. युद्धाने मला थंड डोक्याने केलेला खून मान्य करायला शिकवलं नाही, असं रेन्सफर्डचं उत्तर.

त्या क्षणी त्याला झारॉफसोबत शिकारीला जायचं आमंत्रण असतं, सावज व्हायचं नव्हे. हो म्हणाला असता तर तो पाहुणा राहिला असता. नकारामुळेच दुसऱ्या दिवशी तो सावज ठरतो. दोघांमधला फरक दाखवायला मला तरी एवढा नकार पुरतो. स्वभावाने तो फार कोमल होता अशातला भाग नाही.

६. झारॉफ इतका सुसंस्कृत दाखवलाय, मग तो रानटी कसा?

लेखकाने हे मुद्दाम जमवलंय. झारॉफकडे घट्ट सायीसोबतचं बीटचं रशियन सूप मिळतं, फ्रेंच वाइन मिळते, अंगात लंडनच्या शिंप्याने शिवलेले कपडे असतात, रात्री झोपण्याआधी तो मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राट-तत्त्वज्ञाचं लेखन वाचतो. सावज हातचं गेल्यावर कड्यावर बसून ब्रँडीचा घोट घेत ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरामधले सूर गुणगुणतो. ओठ मात्र जाड लाल, दात टोकदार. इव्हान जरा रानटी आहे, सगळे कोसॅक (रशियातली लढवय्या घोडेस्वारांची जमात) असतात तसा, असं सांगून मीही कोसॅकच, अशी हसत पुस्ती जोडतो.

पार्श्वभूमीही खरी आहे. १९१७च्या क्रांतीनंतर पळून आलेले कितीतरी रशियन सरदार पॅरिसमध्ये टॅक्सी चालवत होते. झारॉफचे पैसे अमेरिकन रोख्यांत होते, म्हणून त्याच्यावर ती वेळ आली नाही. बेट विकत घेता आलं ते त्यामुळेच. रेन्सफर्डला लाजवेल असा यजमान आहे तो, फक्त तळघरात जाऊ नका (प्रश्न १४).

७. खेळाचे नियम नेमके काय होते?

सावजाला शिकारीचे कपडे, खाणं आणि एक सुरा. तीन तास आधी सुटायची मुभा. झारॉफच्या हाती अगदी लहान पल्ल्याचं पिस्तूल. तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत सापडला नाही तर सावज जिंकलं, मग झारॉफची होडी त्याला मुख्य भूमीवर सोडणार. नकार दिला तर इव्हान. कुत्र्यांबद्दल वाद होतो, तो प्रश्न ९ मध्ये.

रेन्सफर्डला प्रत्यक्षात तीन तासांहून जास्त मिळाले असणार. तो जेवणानंतर सुटला आणि झारॉफ संध्याकाळ पडल्यावरच निघाला, कारण दुपारची झोप तो चुकवत नाही.

८. शिकारी म्हणून वरचढ कोण?

माग काढण्यात झारॉफ, निर्विवाद. रेन्सफर्ड पहिल्या संध्याकाळी कोल्ह्यासारखा वळसे घेत, स्वतःच्याच पावलांवरून मागे येत माग गुंतवतो आणि झाडावर चढून बसतो. हा माग रात्री काढणं अशक्य, असं त्याला वाटतं. उजाडायच्या सुमाराला झारॉफ बरोबर त्या झाडाखाली येतो, बुंध्यावरून नजर वर नेतो, आणि जिथे रेन्सफर्ड आहे त्या फांदीच्या अलीकडे ती थांबवतो. हसतो, सिगारेटचं वलय सोडतो, निघून जातो. ते हसू पाहून रेन्सफर्डच्या छातीत धस्स होतं: हा मला उद्यासाठी राखून ठेवतोय.

सापळे लावण्यात रेन्सफर्ड. पहिला मलायातला: जिवंत झाडाला टेकून उभा केलेला वठलेला वृक्ष, पाय लागला की कोसळणारा. झारॉफ माकडाच्या चपळाईने मागे उडी मारतो, खांद्यावर निभावतं. मग ब्रह्मदेशातला वाघाचा खड्डा, दलदलीजवळच्या मऊ मातीत खांद्याहून खोल खणलेला, तळाला टोकं वर करून रोवलेले खुंट, वर फांद्या-पाल्याचं झाकण. त्यात झारॉफचा एक उत्तम कुत्रा जातो. तिसरा युगांडातला: लवचीक रोपट्याला सुरा बांधून वेलीने मागे ताणून ठेवलेला. त्यात इव्हान. हे तिन्ही डाव रेन्सफर्डने कुठल्या ना कुठल्या वसाहतीतल्या स्थानिक लोकांकडून उचललेले आहेत. युगांडातला तर तसा स्पष्टच सांगितलाय. शिकवणाऱ्याचं नाव मात्र एकाचंही येत नाही.

आता जिंकला कसा, ते. कड्यावरून समुद्रात उडी मारली म्हणून, असं उत्तर बहुतेक जण देतात. उडीने तो वाचला. जिंकला तो परत येऊन, आणि त्याचा धागा पहिल्या रात्रीच्या जेवणात आहे. केप बफेलो, आफ्रिकेतला रानरेडा, सर्वात धोकादायक, असं तिथे रेन्सफर्ड म्हणतो. भिंतीवर त्याचं डोकं असतं. त्यानेच झारॉफला झाडावर आपटून कवटी फोडलेली असते. आफ्रिकेत शिकार केलेल्या लोकांमध्ये या रेड्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे: जखमी झाला की तो नुसता पळत सुटत नाही, वळसा घेऊन आपल्याच मागाशी दबा धरतो आणि माग काढत येणाऱ्याला गाठतो. रेन्सफर्ड शेवटी नेमकं हेच करतो. खाडी पोहून वाड्यावर येतो आणि शिकाऱ्याच्या पलंगाच्या पडद्यामागे उभा राहतो. त्या रेड्याने ज्याची कवटी फोडली होती, त्याला हे सुचायला हवं होतं. त्याने दार लावलं, दिवा लावला, आणि मग पडदा पाहिला.

९. झारॉफने कुत्री आणली ही फसवणूक नाही का?

कुत्र्यांचा उल्लेख त्याने आधी केलेला असतो: एक जण जवळजवळ जिंकला होता, शेवटी कुत्री वापरावी लागली. त्यामुळे लपवलं असं म्हणता येत नाही. पण फक्त लहान पिस्तूल घेऊन येईन म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी अख्खा कळप आणि इव्हान घेऊन येतो, तेव्हा नियम कोणाच्या सोयीने वाकतात ते दिसतं. पंचही तोच, खेळाडूही तोच. आमच्याकडे गल्लीत ज्याची बॅट त्याचा निर्णय असायचा, तसलाच प्रकार.

१०. त्याने तीनदा संधी सोडली. हा दयाळूपणा समजायचा का?

नाही. झाडाखालून निघून जाणं (प्रश्न ८) म्हणजे मांजराने उंदीर सोडणं. खांदा दुखावल्यावर आणि कुत्रा मेल्यावर तो घरी जातो तेव्हाही सावजाला ओरडून शाबासकी देतो, आज मजा आली म्हणतो. कंटाळा हेच त्याचं दुखणं आहे, आणि औषध लवकर संपलेलं त्याला परवडत नाही.

११. रेन्सफर्ड म्हणजे आपल्या जिम कॉर्बेटसारखा का?

दोघांनी मांजरकुळातली मोठी जनावरं मारली, एवढंच. कॉर्बेटची ओळख नरभक्षकांमुळे, १९०७च्या चंपावतच्या वाघिणीपासून, आणि पुढे त्याने बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. रेन्सफर्डला गावकऱ्यांनी बोलावलेलं नाही. तो मौजेसाठी मारतो. त्याच्या जवळचा खरा माणूस हवा असेल तर थिओडोर रूझवेल्ट घ्या. अध्यक्षपद सोडल्यावर १९०९ साली ते आफ्रिकेत मोठ्या शिकार मोहिमेवर गेले, आणि हे सगळं वर्तमानपत्रांत कौतुकाने छापून येई. १९२४च्या वाचकाला रेन्सफर्ड अगदी सभ्य गृहस्थ वाटत असणार. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या आपल्या मुलांना तो पहिल्या पानापासून खटकतो. तिथेच चर्चा सुरू होते, म्हणून मी त्यांना आधी काही सांगत नाही.

१२. कथेत ‘लस्कार’ शब्द येतो. ते कोण?

झारॉफ आपल्या सावजांची यादी देतो, मालवाहू बोटींवरचे खलाशी, जगातला गाळ त्याच्या मते, आणि त्या यादीत पहिलं नाव लस्कारांचं. लस्कार म्हणजे युरोपियन बोटींवर काम करणारे आपल्याकडचे खलाशी. शब्द फारसी ‘लश्कर’पासूनचा, म्हणजे आपल्या ‘लष्कर’चा सख्खा भाऊ. बंगाल-सिल्हेटपासून गुजरातपर्यंतची माणसं त्यात होती. रत्नागिरीकडचे कितीतरी जण डेकवर आणि इंजिनखोलीत होते, गोव्याचे लोक भटारखान्यात आणि वाढपी म्हणून.

भाषांतरात मुलं हा शब्द गाळतात, कारण कळत नाही. गाळू नका. एकदा गटातल्या एका मुलीने वाक्य वाचता वाचता थांबून सांगितलं की तिचे पणजोबा बोटीवर होते. त्यानंतर कुणी रेन्सफर्डच्या डावपेचांबद्दल बोललं नाही. एक जातिवंत घोडा किंवा कुत्रा असल्या वीस जणांहून मोलाचा, असं झारॉफ पुढे म्हणतो, ते त्या दिवशी फार वेगळं ऐकू आलं.

१३. झारॉफने हार मान्य केली होती. मग रेन्सफर्डने केला तो खून नव्हे का?

बारकाईने पाहा. खेळ सुटला पहिल्या दिवशी दुपारी. कुत्री आली तिसऱ्या दिवशी पहाटे. त्याच रात्री दहाला झारॉफ झोपायला वर जातो. मध्यरात्र व्हायला अजून दोन तास आहेत. नियमाने खेळ चालूच असतो. तरी पडद्याआडून रेन्सफर्ड समोर येताच झारॉफ तुम्ही जिंकलात म्हणून अभिनंदन करतो. शब्दाला जागायचं तर आता होडी काढायची.

रेन्सफर्ड होडी मागत नाही. मी अजून कोंडीत सापडलेलं जनावरच आहे, तयार व्हा, असं तो म्हणतो. झारॉफ खूश होऊन वाकून मुजरा करतो: हरेल तो कुत्र्यांच्या पोटात, दुसरा या पलंगावर. म्हणजे झुंज दोघांच्या संमतीने झाली, त्यामुळे कायद्याच्या अर्थाने खून म्हणणं अवघड. माझं मत विचाराल तर ज्या माणसाने टेबलावर ‘खून’ हा शब्द वापरला होता त्याने इथे तो टाळलाय. ‘जनावर’ हा शब्दही त्याने स्वतःहून स्वतःला लावलाय. व्हिटनीशी बोलताना जनावराला कळतं काय म्हणणारा हाच (प्रश्न २).

सिनेमात हे काहीच मिळत नाही, हेही इथेच सांगतो, कारण परीक्षेआधी बरेच जण तो पाहतात. १९३२च्या सिनेमात फे रे ही नायिका घातलीय, झारॉफ ‘काउंट’ होऊन धनुष्यबाण घेतो, आणि शेवट वेगळा आहे. रान बघण्यासारखं आहे. ‘किंग काँग’च्या वेळी तोच जंगलाचा सेट वापरला.

१४. शेवटी रेन्सफर्ड बदलला की नाही? आणि तळघरातल्या माणसांचं काय झालं?

दुसरा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

झारॉफने जेवताना सांगितलेलं असतं की तळघरात त्याची ‘प्रशिक्षण शाळा’ आहे. खोटे दिवे लावून त्याने खडकांवर आणलेल्या ‘सान लुकार’ या स्पॅनिश गलबतावरचे डझनभर खलाशी तिथे आहेत. त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालून तयार करतात. रेन्सफर्डने हे ऐकलंय. त्यातल्या एकाची शिकार तो वाड्यात असतानाच, पहिल्या रात्री झाली.

कथेचं शेवटचं वाक्य एवढंच की इतक्या चांगल्या पलंगावर आपण कधी झोपलो नव्हतो, असं रेन्सफर्डला वाटलं. झारॉफ मेला हे त्यातूनच कळतं. तळघराची किल्ली कोणाकडे आहे, कुत्री बांधली का, खाली कोणी हाका मारतंय का, यातलं काही येत नाही. तीन दिवस पळून, पोहून, झुंजून दमलेला माणूस झोपणारच, असं काही जण त्याच्या बाजूने बोलतात. असेल तसं. पण मजले मोजा: वर गादी, खाली डझनभर माणसं, आणि लेखकाने त्या रात्री फक्त गादीबद्दल लिहिलंय.